शत्रू नेमका कोण? दिल्लीच्या रिजवरील दोन लेख आणि न मावलेली माणसे

१/
दिल्लीच्या उत्तरेस, विद्यापीठाच्या परिसराला लागून एक टेकडी आहे. तिच्यावर तांबड्या वालुकाश्माचा एक अष्टकोनी गॉथिक मनोरा उभा आहे. या एकाच वास्तूवर दोन काळांचे लेख आहेत. १८६३ साली उभारलेल्या स्मारकाच्या लेखांत जे ‘शत्रू’ आहेत, तेच १९७२ च्या फलकात स्वातंत्र्यासाठी झुंजलेले अमर हुतात्मे आहेत. लढाई तीच, मृत तेच. फक्त राज्य बदलले. आजची ही मालिका त्या टेकडीविषयी आणि त्या एका शब्दाविषयी.

२/
माझे मत आरंभीच मांडतो. १९७२ मध्ये हे स्मारक न पाडता त्यावर उत्तरादाखल फलक लावण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. परंतु ते उत्तर अर्धे आहे. त्याने ‘शत्रू’ आणि ‘वीर’ यांच्या जागा बदलल्या, मात्र लढाईचा नकाशा जुनाच ठेवला: एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला हिंदी लोक. टेकडीवर प्रत्यक्षात असे घडलेच नव्हते. जे घडले ते दोन्ही लेखांत मावत नाही, आणि आज आपल्याला त्याचीच सर्वाधिक गरज आहे.

३/
प्रथम भूगोल. ‘रिज’ म्हणजे डोंगराची लांबट धार. अरवलीची रांग राजस्थानातून ईशान्येकडे येत येत दिल्लीत यमुनेजवळ मावळते. तिचे हे अखेरचे टोक. खडक क्वार्टझाइटचा, कठीण. उंची किरकोळ, शहराच्या पातळीहून सुमारे ६० फूट. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तिला टेकडी म्हणतानाही संकोच वाटावा. पण सपाट मैदानात तटबंदीचे शहर असेल आणि त्याच्यासमोर ६० फूट उंचीची दोन मैलांची धार असेल, तर तोफखान्याच्या दृष्टीने ती धार म्हणजे किल्लाच होय.

४/
या धारेचे महत्त्व इंग्रजांच्याही कितीतरी आधी ओळखले गेले होते. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने येथे शिकारीसाठी महाल बांधला आणि मेरठहून अशोकाचा एक स्तंभ आणवून उभा केला. अठराव्या शतकात, फर्रुखसियरच्या काळात, दारूच्या स्फोटात त्या स्तंभाचे तुकडे झाले. फिरोजशाहाच्या महालाचा अवशेष मानली जाणारी ‘पीर गैब’ ही वास्तू आणि ‘चौबुर्जी’ मशीद आजही टेकडीवर आहेत. १८२८ साली इंग्रजांनी धारेवर एक गोल बुरूज बांधला, तो फ्लॅगस्टाफ टॉवर. टेकडीच्या पाठीमागे त्यांची छावणी होती.

५/
याच धारेच्या दक्षिण टोकाला एक मोठा बंगला होता. कंपनीचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर याने तो बांधला. मार्च १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला. पुढे हा बंगला ज्यांनी घेतला त्यांचे नाव मराठी वाचकाला दचकवील: हिंदुराव घाटगे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे हे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातले. याच घराण्यात पुढे राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले, आणि त्यानंतर हिंदुराव दिल्लीत स्थिरावले. १८५७ पूर्वीच त्यांचे निधन झाले होते. पण घराला त्यांचे नाव चिकटले ते कायमचेच.

६/
११ मे १८५७. मेरठहून निघालेले घोडेस्वार नावांच्या पुलावरून यमुना ओलांडून दिल्लीत शिरले. शहरातील आणि छावणीतील युरोपीय कुटुंबे त्या दिवशी फ्लॅगस्टाफ टॉवरपाशी गोळा झाली. मेरठहून मदत येईल या आशेने ती दिवसभर थांबली. मदत आली नाही. संध्याकाळी वाट फुटेल तिकडे, बहुतेक कर्नालच्या दिशेने, ती पळाली. दिल्ली आता बंडवाल्या शिपायांच्या आणि बहादूरशाह जफरच्या नावाची होती. टेकडीचा इंग्रजी इतिहास असा पलायनाने सुरू होतो, हे पुढचे विजयस्मारक पाहताना ध्यानात ठेवावे.

७/
८ जूनला, बादली की सराय येथील लढाई जिंकून, इंग्रजी फौज परत टेकडीवर आली. येथून सप्टेंबरपर्यंत जे चालले त्याला ‘दिल्लीचा वेढा’ म्हणतात. शब्द फसवा आहे. शहराला वेढण्याइतकी माणसे इंग्रजांपाशी नव्हतीच. दिल्लीचे दक्षिणेचे व पूर्वेचे रस्ते उघडे होते. नावांच्या पुलावरून नव्या पलटणी शहरात येत होत्या. बरेलीची ब्रिगेड घेऊन बख्त खान जुलैच्या आरंभी आला तो त्याच वाटेने. खरे म्हणजे टेकडीवरचे लोकच कोंडले गेले होते. सरसेनापती अ‍ॅन्सन वाटेतच कर्नालला पटकीने गेला; त्याच्या जागी आलेला बर्नार्ड ५ जुलैला टेकडीवरच पटकीने गेला.

८/
मोर्चे चार ठिकाणी होते: फ्लॅगस्टाफ टॉवर, चौबुर्जी मशीद, पीर गैब (इंग्रज तिला ‘ऑब्झर्व्हेटरी’ म्हणत) आणि हिंदुरावांचा वाडा. शहराच्या तटाला सर्वांत जवळचा म्हणून वाडा सर्वाधिक भाजला गेला. खाली सब्जीमंडीची बागाईत आणि दाट वस्ती. तेथून चढून येणारे हल्ले पुन्हा पुन्हा वाड्यावर कोसळत. २३ जूनचा हल्ला त्यांतील फार मोठा. प्लासीच्या लढाईला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे होत होती, आणि कंपनीचे राज्य शंभर वर्षांत संपेल ही भविष्यवाणी तेव्हा सर्वत्र फिरत होती.

९/
आता मुख्य प्रश्न. त्या वाड्यात बसून हे हल्ले परतवत कोण होते? मेजर चार्ल्स रीडच्या हाताखालील सिरमूर बटालियन, म्हणजे गुरखे. सोबत साठाव्या रायफल्सचे इंग्रज सैनिक. आणि सरहद्दीवरून उन्हाळ्यात २२ दिवसांत सुमारे ५८० मैल चालत आलेले गाइड्सचे जवान, ज्यांत पठाण, पंजाबी, शीख असे सगळेच होते. सिरमूर बटालियनच्या ४९० माणसांपैकी ३२७ ठार वा जखमी झाली. समोरचे शिपाई आपल्या लोकांना हाका मारून ‘इकडे या’ असे बोलावीत, हेही रीडने नोंदवून ठेवले आहे. गुरखे गेले नाहीत.

१०/
एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सप्टेंबरमध्ये अखेरच्या हल्ल्याच्या सुमारास टेकडीवरील लढाऊ फौज सुमारे ८,७०० होती. तिच्यात युरोपीय होते सुमारे ३,३००. म्हणजे दर पाचांतले तीन हिंदुस्थानी. यात जम्मूहून आलेली पलटण धरलेली नाही. बाजारबुणगे तर मुळीच नाहीत: पाणी वाहणारे भिस्ती, डोलीवाले, घोड्यांचे मोतद्दार, तोफा ओढणाऱ्या हत्ती-बैलांचे माहूत आणि गाडीवान. पानिपतावरचे बाजारबुणगे आपल्या बखरींनी निदान दोष देण्यापुरते तरी लक्षात ठेवले. टेकडीवरच्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

११/
तटाच्या आतील बाजूही आपल्या कल्पनेइतकी सरळ नव्हती. शिपाई शौर्यात कमी नव्हते. नव्याने आलेली प्रत्येक पलटण एक-दोन दिवसांत टेकडीवर चालून जात असे. परंतु एकाच वेळी, एका हुकमाने, दोन बाजूंनी हल्ला क्वचितच झाला. शिपायांना पगार मिळेना, सावकारांकडून पैसा निघेना, आणि बादशहाच्या नावाला मान असला तरी त्याच्या हुकमाला धार नव्हती. ७ ऑगस्टला शहरातील दारूचा कारखानाच स्फोटात उडाला. दिल्ली पडली ती शूरांच्या अभावी पडली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. ती एकवटलेल्या सेनापतित्वाच्या आणि पुरवठ्याच्या अभावी पडली.

१२/
४ सप्टेंबरला तटफोड्या तोफांचा ताफा टेकडीवर आला. १४ सप्टेंबरला हल्ला झाला. त्या एका दिवसात इंग्रजी फौजेचे सुमारे १,१७० लोक ठार वा जखमी झाले. आणखी आठवडाभर गल्लीबोळांत लढाई चालली. २१ सप्टेंबरला हुमायूनच्या मकबऱ्यातून बादशहाला कैद करून आणले. पुढे जे घडले त्याला लढाई म्हणत नाहीत. शहर लुटले गेले, मोहल्लेच्या मोहल्ले कापले गेले, उरलेले नागरिक तटाबाहेर हाकलले गेले. मुसलमानांना घरी परतण्याची परवानगी हिंदूंच्या मागाहून मिळाली. मिर्झा गालिबने बल्लीमारानमधील घरात कोंडून घेऊन ते दिवस काढले व त्यांची नोंद ‘दस्तंबू’मध्ये केली.

१३/
७ नोव्हेंबर १८६२ रोजी बहादूरशाह जफर रंगूनच्या कैदेत वारला. त्याची कबर ओळखू येऊ नये अशा बेताने जमीन सपाट करण्यात आली. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, दिल्लीच्या टेकडीवर विजयी फौजेचे स्मारक उभे राहिले. पराजिताची खूण पुसणे आणि विजेत्याची खूण उभारणे ही एकाच धोरणाची दोन अंगे होत. स्मारके स्मृतीसाठी असतात असे आपण म्हणतो. या दोन वर्षांकडे पाहिले तर विस्मृतीही तितक्याच काळजीपूर्वक घडवली जाते हे उमगते.

१४/
स्मारकाची जागा पूर्वीच्या एका तोफमोर्च्याची, हिंदुरावांच्या वाड्याजवळची. मनोरा वर वर निमुळता होत जातो आणि चर्चच्या शिखराचा भास देतो. अर्पणलेख ‘दिल्ली फील्ड फोर्स’च्या ‘ब्रिटिश आणि नेटिव्ह’ अधिकारी व शिपायांना उद्देशून आहे. ३० मे ते २० सप्टेंबर १८५७ या काळात लढाईत, जखमांनी वा रोगाने मेलेल्यांना. ३० मे का? कारण त्या दिवशी दिल्लीकडे येताना हिंडन नदीपाशी पहिली चकमक झाली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून या फौजेची हानी सुमारे ३,८०० होती. तटाच्या आत किती मेले, हे सांगणारा एकही दगड तेव्हा बसवला गेला नाही.

१५/
आणखी चार वर्षांनी, १८६७ मध्ये, सरकारने अशोकस्तंभाचे तुकडे जोडून तो त्याच टेकडीवर, स्मारकापासून थोड्याच अंतरावर पुन्हा उभा केला. मला हे निव्वळ पुरातत्त्वप्रेम वाटत नाही. मौर्य सम्राट, तुघलक सुलतान आणि राणीचे सरकार, अशी दिल्लीच्या धन्यांची वंशावळच जणू टेकडीवर मांडली गेली. मोगलांना मात्र तीत जागा नव्हती. जो स्तंभ धम्म सांगण्यासाठी घडवला गेला, तो अशा रीतीने एका कत्तलीच्या विजयस्मारकाचा शेजारी झाला. इतिहासात उपरोध शोधावा लागत नाही. बहुधा तो शेजारीच उभा असतो.

१६/
आता १९७२. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, २८ ऑगस्टला, स्मारकावर नवा फलक बसवण्यात आला आणि त्याचे नाव ‘अजितगड’ झाले. फलकाचा आशय असा: या स्मारकावरील लेखांत ज्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे, ते परकीय सत्तेविरुद्ध उठून राष्ट्राच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक होत. जुने लेख खरवडले गेले नाहीत. मला ही युक्ती मनापासून आवडते. पाडून टाकले असते तर ‘शत्रू’ हा शब्दही गेला असता, आणि एका सरकारने या देशातील लोकांना याच देशात शत्रू म्हटले होते याचा पुरावाही.

१७/
तुलनेसाठी काश्मिरी दरवाजाबाहेरचा निकल्सनचा पुतळा पाहा. १४ सप्टेंबरच्या हल्ल्यात जखमी होऊन तो काही दिवसांनी मेला. त्याचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवण्यात आला व अखेर उत्तर आयर्लंडमधील डंगॅनन येथील शाळेत गेला. ज्या शहराने निकल्सनला भोगले ते शहर पुतळ्याच्या जागी आज काय वाचते? काहीच नाही. सार्वजनिक ठिकाणच्या व्यक्तिपूजेला विरोध समजण्यासारखा आहे, आणि प्रत्येक पुतळा जागेवरच राहावा असा माझा आग्रह नाही. परंतु हलवलेला पुतळा वाद मिटवतो. उत्तर दिलेला लेख वाद जागता ठेवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या बाजूने असावे.

१८/
मग अपुरे काय? १९७२ चा फलक म्हणतो, शत्रू म्हटलेले लोक आमचे होते. बरोबर. पण ज्यांच्यासाठी स्मारक बांधले गेले त्यांतही आमचे लोक बहुसंख्येने होते. ते त्या मूळ लेखात ‘नेटिव्ह’ या एका शब्दात कोंबले गेले आहेत आणि नव्या फलकात त्यांना शब्दच नाही. साम्राज्याला ते हवे होते, पण दुय्यम म्हणून. राष्ट्राला ते नकोसे आहेत, कारण ते चुकीच्या बाजूला उभे होते. दोन्ही लेख एकमेकांचे खंडन करतात असे आपण मानतो. या माणसांच्या बाबतीत मात्र त्यांची संमती दिसते.

१९/
येथे समाजमाध्यमांवरील नेहमीचा शब्द येईल: ‘गद्दार’. तो फेकण्यापूर्वी एक गोष्ट पडताळा. १८४९ मध्ये पंजाब कंपनीच्या राज्यात गेला. तो जिंकण्यासाठी कोणाची फौज लढली? बंगाल आर्मीचे पूरबी शिपाई, म्हणजे ज्यांनी आठ वर्षांनी बंड केले त्यांच्याच पलटणी. पंजाबी वा शीख जवानाला दिल्लीच्या तटावर जो शिपाई दिसत होता, तो त्याच्या लेखी कालचा आक्रमक होता. त्यात पगार, लुटीची आशा, सरदारांची गणिते मिसळली. ‘राष्ट्र’ ही कसोटी त्या उन्हाळ्यात कोणाच्याच हाती तयार स्वरूपात नव्हती. ती पुढे घडली, आणि काही अंशी याच पराभवातून घडली.

२०/
हे म्हणणे म्हणजे ‘दोन्ही बाजू सारख्याच’ असे नव्हे. परकीय कंपनीची सत्ता आणि तिच्याविरुद्धचा उठाव यांत मी तटस्थ नाही. आपल्या भाषेने हा ताण फार पूर्वी अनुभवला आहे. गोडसे भटजी ‘माझा प्रवास’मध्ये या प्रसंगाला ‘बंड’ म्हणतात. झाशीची होरपळ डोळ्यांनी पाहिलेला हा माणूस कंपनीचा भाट नव्हता. सावरकरांचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले आणि ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द रुजला. पहिला शब्द जगलेल्या माणसाचा, दुसरा अर्थ लावणाऱ्याचा. इतिहासाला दोहोंची गरज असते. एकाने दुसऱ्याला हाकलून दिले की आपण गरीब होतो.

२१/
याच लढाईचे आणखी एक स्मरण दिल्लीतच आहे. काश्मिरी दरवाजा सुरुंगाने उडवणाऱ्या तुकडीची आठवण म्हणून १८७६ मध्ये तेथे फलक बसवला गेला. त्यावर इंग्रज अधिकाऱ्यांसोबत हवालदार माधो यांच्यासारख्या बंगाल सॅपर्सच्या हिंदी जवानांचीही नावे आहेत. लेख साम्राज्याचाच, हेतूही साम्राज्याचाच. पण नाव कोरले गेले की माणूस आपल्या बाजूने काही सांगू लागतो. हा कोण, कोठला, त्या दरवाजापाशी कसा आला, हे प्रश्न ‘नेटिव्ह’ या शब्दाला विचारता येत नाहीत. ते नावालाच विचारता येतात.

२२/
महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. भीमा कोरेगावचा स्तंभ १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. त्यावर पडलेल्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली होती, आणि त्यांतल्या नाक-प्रत्ययी नावांत पुढे एका समाजाने आपले पूर्वज ओळखले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले. त्यानंतर त्या दगडाचा अर्थ कंपनीच्या हातून कायमचा सुटला. त्या अर्थाविषयी वाद आहेत व राहतील. मुद्दा एवढाच, की तो अर्थ बदलण्यासाठी एक अक्षरही पुसावे लागले नाही. कोरलेली नावे तेवढी पुरेशी ठरली.

२३/
टेकडीवरच्या त्या ‘नेटिव्हां’चे स्मरण मग कोठे उरले? पलटणींच्या परंपरेत. सिरमूर बटालियनला दिल्लीच्या लढाईबद्दल १८६३ सालीच राणीकडून ‘ट्रंचन’ नावाचे मानचिन्ह मिळाले. ते आज ब्रिटनच्या रॉयल गुरखा रायफल्सपाशी आहे. गाइड्सचा वारसा फाळणीनंतर पाकिस्तानी लष्कराकडे गेला. बंगाल सॅपर्स आपल्या लष्करात, रुडकीला आहेत. म्हणजे एका टेकडीवरच्या आठवणी तीन देशांच्या छावण्यांत वाटल्या गेल्या. ज्या जागी त्या घडल्या तेथे येणाऱ्या सामान्य माणसाला मात्र त्यांतले काहीच कळत नाही.

२४/
टेकडी आज ‘कमला नेहरू रिज’ या नावाने ओळखली जाते. सकाळी फिरायला येणारे, विद्यापीठाची मुले आणि माकडे हे तिचे नित्याचे रहिवासी. हिंदुरावांच्या वाड्याच्या जागी महापालिकेचे हिंदुराव रुग्णालय आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टेकडीला राखीव वनाचा दर्जा मिळाला. १९९४ च्या अधिसूचनेत उत्तर रिजचे ८७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून आले. दिल्लीसारख्या शहरात हे रान टिकले, हे मोठे भाग्य आहे. ते तोडा असे कोणी इतिहासाच्या नावाने म्हणू लागले, तर मी प्रथम विरोध करीन.

२५/
पण हे रान ‘मूळचे’ नव्हे, हेही जाणून घ्यावे. फेलिस बिआटो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये घेतलेल्या चित्रांत टेकडी जवळजवळ उघडी दिसते: दगड, धूळ, तोफांनी फोडलेला वाडा. आजच्या हिरवळीत मोठा वाटा विलायती किकरचा, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचा, जी मध्य अमेरिकेकडून आली आणि इंग्रजांनी येथे लावली. तिच्यामुळे टेकडीवरून शहराचा तट दिसत नाही. रणभूमी समजण्यासाठी जी एक गोष्ट अनिवार्य, म्हणजे एका मोर्च्यावरून दुसऱ्या मोर्च्यावर पोहोचणारी नजर, तीच येथे झाकली गेली आहे.

२६/
रणभूमीचे उद्यान झाले की रक्त विसरले जाते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मला ती पटत नाही. जेथे माणसे मेली तेथे मुले खेळावीत, जोडप्यांनी निवांत बसावे, म्हाताऱ्यांनी चालावे, याहून चांगला शेवट रणभूमीला कोणता? टेकडीवरच्या एका तळ्याला लोक ‘खूनी खान झील’ म्हणतात आणि त्या नावाला सत्तावन्नच्या रक्ताची कथा जोडतात. कथा खरी असो वा नसो, लोक विसरलेले नाहीत एवढे त्यातून दिसते. त्यांना नेमके काय आठवायचे ते सांगण्याचे काम मात्र आपण केलेले नाही.

२७/
माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक: स्मारकावर तिसरा फलक असावा, जो जुन्या दोहोंना हात न लावता सांगेल की येथे दोन्ही बाजूंनी हिंदुस्थानी लढले आणि ते का लढले. तो हिंदी, उर्दू, पंजाबी आणि नेपाळीतही असावा. दोन: टॉवर, चौबुर्जी, पीर गैब, अशोकस्तंभ आणि रुग्णालय यांना जोडणारी एक पायवाट आणि तिच्यावर नकाशे असावेत. तीन: एका ठिकाणची वेडी बाभूळ हटवून, तेथे अरवलीची देशी झुडपे लावून, तटाच्या दिशेने नजर मोकळी करावी.

२८/
आणि चार, सर्वांत महत्त्वाचे: दिल्लीच्या नागरिकांसाठी एक ओळ असावी. सप्टेंबर १८५७ मध्ये जे ना मोर्च्यावर होते ना बुरुजावर, जे केवळ आपल्या गल्लीत राहत होते म्हणून मेले किंवा तटाबाहेर उघड्यावर फेकले गेले, त्यांना १८६३ च्या लेखात ‘शत्रू’ म्हणूनही जागा नाही आणि १९७२ च्या फलकात ‘हुतात्मा’ म्हणूनही नाही. हुतात्मा होण्यासाठी लढावे लागते. ते लढले नव्हते. युद्धाचा सर्वांत मोठा कर सहसा अशीच माणसे भरतात.

२९/
आपण इतिहास वाचणारी तरुण मंडळी बहुतेक वेळा एका प्रश्नाभोवती भांडतो: कोण जिंकले, कोण आपले? रिजवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर १८६३ ने एका तऱ्हेने दिले, १९७२ ने दुसऱ्या तऱ्हेने. पुढचे उत्तर आपल्या पिढीला द्यायचे आहे आणि ते ‘शत्रू’ या शब्दाला आणखी एकदा उलटे करून देता येणार नाही. गुरखा, पठाण, शीख, पूरबी, भिस्ती, बल्लीमारानचा कारागीर: इतक्या लोकांना एका पाटीवर बसवायचे तर पाटी मोठी करावी लागेल.

३०/
दिल्लीला गेलात तर लाल किल्ला पाहून झाल्यावर एक सकाळ राखून ठेवा. फ्लॅगस्टाफ टॉवरपासून दक्षिणेकडे चालू लागा. वाटेत चौबुर्जी, पीर गैब, स्तंभ, मनोरा लागतील. मनोऱ्यावरचे दोन्ही लेख सावकाश वाचा आणि ‘नेटिव्ह’ या शब्दापाशी थोडे थांबा. त्या शब्दामागे मराठी नावे फारशी सापडणार नाहीत. पण ज्या वाड्याच्या आडोशाने तो सारा रणसंग्राम झाला त्याला आजही एका कागलकराचे नाव आहे. म्हणून ही टेकडी काही अंशी आपल्याही अभ्यासाचा विषय आहे.